रिसीव्हर घेताना आधी त्याची पाठ वाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत सणासुदीच्या खरेदीवर लेख होता. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन यांच्या शेजारी ‘घरच्या घरी संगीत’ अशी एक चौकट होती आणि तिच्यात प्रत्येक स्टिरिओ रिसीव्हरपुढे, म्हणजे स्पीकर वाजवणाऱ्या यंत्रापुढे, एकच आकडा छापला होता : किती वॉट. ती चौकट वाचून मला राहवले नाही. तीन वर्षांपूर्वी असाच एक आकडा डोक्यात घेऊन मी महात्मा गांधी रोडपासून कॉलेज रोडपर्यंत दुकाने पालथी घातली होती. चुकले, पैसे घालवले, मग शिकले. आपले अनेक वाचक या दिवसांत त्याच दुकानांच्या पायऱ्या चढतील, म्हणून हे जरा सविस्तर पत्र.

मी १९८४ साली टेलिफोन खात्यात लागले आणि नोकरीची बरीच वर्षे टेस्ट डेस्कवर काढली. लोक १९८ फिरवून तक्रार नोंदवायचे आणि आम्ही त्यांची लाइन तपासायचो : लूपचा रोध किती, इन्सुलेशन धड आहे का, आवाज वाटेत किती डेसिबलने पडतो. जानेवारी २०२० अखेर स्वेच्छानिवृत्ती घेतली. डेसिबल हे एकक मुळात टेलिफोनवाल्यांनीच आपल्या कामासाठी घडवलेले, त्यातला ‘बेल’ म्हणजे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. त्यामुळे वॉट (शक्ती), ओहम (विजेला होणारा अडथळा), डेसिबल (आवाजाची पातळी) या शब्दांची मला भीती नव्हती. तरीही मी फसले, तर ज्यांचा या शब्दांशी कधी संबंध आला नाही त्यांचे काय होत असेल, हा विचार मनातून जात नाही.

आमच्या घरी गरज साधी होती. मामंजी ८८ वर्षांचे. सकाळी उठल्यापासून त्यांना आकाशवाणी नाशिक लागते, १०१.४ मेगाहर्ट्‌झ. पाटबंधारे खात्यातल्या नोकरीत पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून त्यांनी ११२ एलपी जमवल्या आहेत. नाट्यसंगीत, अभंग, ख्याल. त्या वाजवायचा सुटकेससारखा जुना प्लेअर कधीच बोबडा झाला होता. मोबाइलच्या स्पीकरवरचे गाणे त्यांना ऐकू येते, पण ‘तंबोरा कुठाय गं यात?’ असे ते विचारत. मी ४५ हजार रुपये बाजूला काढले आणि ठरवले, यातच बसवायचे.

आम्हाला हवा होता तो दोन चॅनलचा स्टिरिओ रिसीव्हर. एकाच डब्यात रेडिओचा ट्यूनर (स्टेशन पकडणारा भाग), सिग्नल वाढवून स्पीकरला देणारा अ‍ॅम्प्लिफायर आणि कोणते यंत्र ऐकायचे ते निवडायचे बटण. बाहेर दोन स्पीकर, एक डावा, एक उजवा. रेकॉर्डवर, सीडीवर, एफएमवर जे संगीत येते ते फार तर दोनच चॅनलचे असते. पाच-सहा स्पीकरचे होम थिएटर सिनेमासाठी चांगले आहे, पण ४५ हजारांत पाच स्पीकर आणि पाच अ‍ॅम्प्लिफायर बसवायचे तर प्रत्येकाच्या वाट्याला किती दर्जा येणार? तेवढ्याच पैशांत दोनच घेतले तर दोन्ही बरे मिळतात.

पहिल्याच दुकानातला मुलगा म्हणाला, “मॅडम, हा न्या. हजार वॉट.” मी विचारले, किती ओहमच्या स्पीकरला? डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज बिघडण्याचे प्रमाण, किती टक्के धरून? दोन्ही चॅनल एकाच वेळी चालवून मोजलेत का? तो गप्प झाला. त्याच्यावर राग नाही, त्याला हे कोणी शिकवलेच नव्हते. खोक्यावरही यातले काही नव्हते.

वॉटचा आकडा एकटा असेल तर तो निरर्थक आहे. टेपरेकॉर्डरच्या काळात आपल्याकडे ‘पीएमपीओ’ नावाने हजारोंचे आकडे डब्यांवर छापलेले असत. एका क्षणाचा उसळीचा जोर, सगळ्या स्पीकरची बेरीज आणि वर मनाला येईल तो गुणक. अमेरिकेत याच गोंधळाला आळा घालायला १९७४ साली तिथल्या व्यापार आयोगाने नियम केला की घरगुती अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती जाहीर करायची तर ती कशी मोजली तेही सांगायचे. म्हणून नावाजलेल्या कंपन्यांच्या माहितीपत्रकात आजही पूर्ण ओळ असते. यामाहाच्या आर-एस २०२ या रिसीव्हरची ओळ पाहा : प्रत्येक चॅनलला १०० वॉट, ८ ओहमला, ४० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ, डिस्टॉर्शन ०.२ टक्के. ही ओळ वाचली की समजते, आकडा कशावर उभा आहे. अशी ओळ ज्याच्यापुढे नाही, त्या आकड्याकडे मी आता बघतही नाही.

आणि इतके वॉट लागतात तरी कुठे? स्पीकरच्या कागदावर संवेदनशीलता लिहिलेली असते : एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल. आमच्या स्पीकरची ८७ आहे. आपण समोरासमोर बसून बोलतो ते साधारण ६० डेसिबल. म्हणजे १० बाय १४ फुटांच्या आमच्या हॉलमध्ये मामंजी जेवढ्या आवाजात ऐकतात, त्याला एक वॉटसुद्धा पुरतो. तबल्याची थाप, ऑर्गनचा भरलेला सूर अशा उसळीच्या जागी दहा-वीस वॉट क्षणभर लागतात. ५० वॉटऐवजी १०० वॉटचा घेतला तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम जाणवेल इतका. दुप्पट मोठा वाटायचा तर १० डेसिबल हवेत, म्हणजे दहापट शक्ती. उलट ८७ ऐवजी ९० डेसिबलचे स्पीकर निवडले तर अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केल्याइतकाच फायदा होतो, रिसीव्हर तोच ठेवून. दुकानात वॉटवर घासाघीस चालते आणि हा आकडा कोणी विचारतच नाही.

हे सगळे मला ठाऊक असूनही मी पहिली चूक केली ती हौसेपोटी. धाकट्या दिरांनी मुंबईत एका जुन्या मालाच्या विक्रेत्याकडे सत्तरच्या दशकातला एक जपानी रिसीव्हर पाहिला. चंदेरी तोंड, जड बटणे, लाकडी कॅबिनेट. भाव १४ हजार. विक्रेत्याने रेकॉर्ड लावून ऐकवली, आवाज गोड होता. दीर तो पंचवटी एक्स्प्रेसने घेऊन आले, नाशिकरोडला उतरवायला हमाल करावा लागला. “वहिनी, असं काम आता होत नाही,” ते म्हणाले आणि ते खरेच होते. यजमान प्लग लावायला निघाले तेवढ्यात मी सवयीने तो उलटा फिरवला आणि मागची पट्टी वाचली. १०० व्होल्ट. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची असते, आपल्याकडे २३०. मूळचा चपट्या पिनांचा प्लग कापून विक्रेत्याने आपला तीन पिनांचा बसवला होता आणि मुंबईच्या दुकानात तो ट्रान्सफॉर्मरवर चालवून दाखवला होता, हे दिरांच्या लक्षात आले नव्हते. प्लग लागला असता तर यंत्र जळाले असते. हात भाजला असता की पडदा पेटला असता, तो विचार मी पुढे नेला नाही.

सातपूरला एका वाइंडिंगवाल्याकडून २३० चे १०० करणारा ट्रान्सफॉर्मर १८०० रुपयांत करून घेतला. रिसीव्हर लागला, मागचा दिवा उजळला. मामंजी काठी टेकत येऊन समोर बसले. मी ट्यूनरची गोल चकती फिरवायला लागले. काटा ७६ वरून निघाला आणि ९० वर जाऊन थांबला. पट्टीच तिथे संपली होती. जपानमध्ये एफएमचा पट्टा ७६ पासून सुरू होतो आणि त्या काळच्या या संचावर तो ९० ला संपत होता. आपल्याकडे सगळी स्टेशने ८८ ते १०८ मध्ये. १०१.४ त्या काचेवर छापलेलेच नव्हते. मामंजी म्हणाले, “अगं, नाशिक कुठे गेलं?”

विक्रेत्याला फोन केला तर त्याचे उत्तर, “आता रेडिओ कोण ऐकतं मॅडम?” माल परत घेणार नाही. शेवटी फक्त रेकॉर्ड ऐकणाऱ्या एका गृहस्थांना व्होल्टेज, पट्टी, सगळे सांगून तो ट्रान्सफॉर्मरसह ९ हजारांना दिला. त्यांच्याकडे तो आजही सुखाने वाजतो. जुनी जपानी यंत्रे वाईट नसतात. पण ज्याच्या घरात रेडिओ ऐकायचा आहे त्याने त्या काचेवरचे आकडे आधी वाचायला हवेत, आणि विकणाऱ्याने ते न विचारता सांगायला हवेत. हे मी मनापासून लिहिते, कारण त्या दिवशी मामंजींचा उतरलेला चेहरा मी पाहिला आहे.

अमेरिकेतून कोणी आणून देणार असेल तर तिथेही सावध राहावे. नणंदेचा मुलगा न्यू जर्सीहून त्याचा वापरलेला रिसीव्हर पाठवायला तयार होता. तिथली वीज १२० व्होल्ट, ते ट्रान्सफॉर्मरने भागेल. पण तिथे एफएम स्टेशने १०१.३, १०१.५ अशी विषम दशांशावरच असतात आणि तिथले बरेच डिजिटल ट्यूनर तेवढ्याच पायऱ्यांनी सरकतात. काही संचांना पायरी बदलायची सोय असते, त्याच्या संचाला नव्हती. आपले १०१.४ दोन पायऱ्यांच्या मध्ये पडते. मी त्याला प्रेमाने नको म्हटले.

मग मात्र मी नवा, भारतात विकायला आलेला, बिल आणि वॉरंटी असलेला रिसीव्हरच बघायचे ठरवले. खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली आहे का ते पाहिले. बाहेरून आलेल्या वेष्टनबंद मालावर हे असणे कायद्याने सक्तीचे आहे. ते नसेल तर वॉरंटीचे तोंडी आश्वासन हवेतले समजावे. तक्रारीची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आता या पत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. रिसीव्हरचे तोंड सगळ्यांचे सारखेच दिसते, फरक पाठीमागे असतो. दुकानदाराला यंत्र फिरवायला सांगा आणि तुमच्या घरातली प्रत्येक वस्तू त्याच्या मागे कुठे जोडली जाईल ते बोट ठेवून विचारा.

आमच्याकडे त्यातली पहिली वस्तू होती रेकॉर्ड प्लेअर. मुलीने पुण्याहून एक चालू स्थितीतला टर्नटेबल आणून दिला होता, मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या कार्ट्रिजचा (कार्ट्रिज म्हणजे सुईच्या थरथरीचा विजेचा सिग्नल करणारा भाग). अशा कार्ट्रिजमधून निघणारा सिग्नल असतो जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट. सीडी प्लेअर देतो त्याच्या शेकडो पटींनी कमी. शिवाय रेकॉर्ड कापतानाच खालचे सूर दाबलेले आणि वरचे उचललेले असतात. तसे केले नाही तर खर्जाच्या लाटा इतक्या रुंद होतील की एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे बसणारच नाहीत, आणि वरच्या सुरांत सुईची खरखर मिसळेल. वाजवताना हे नेमके उलटे करावे लागते. ते किती करायचे याचे प्रमाण १९५४ पासून ठरलेले आहे. हे काम करणारा भाग म्हणजे फोनो इनपुट. तो रिसीव्हरमध्ये असेल तर मागे ‘फोनो’ असे लिहिलेली जोडी दिसते आणि शेजारी जमिनीची तार बांधायचा छोटा स्क्रू असतो. टर्नटेबल साध्या इनपुटला जोडला तर आवाज दूर विहिरीतून आल्यासारखा, बारीक आणि खर्जाविना.

इथे आपल्या घरांतल्या जुन्या प्लेअरबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. मामंजींच्या सुटकेसवाल्या प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज आहे, त्या काळच्या बहुतेक स्वस्त प्लेअरमध्ये असे तसे. त्याचा सिग्नल मुळातच तगडा असतो. तो फोनोला जोडला तर आवाज फाटतो आणि लोकांना वाटते रिसीव्हर बिघडला. तो साध्या इनपुटलाच लावायचा. नव्या स्वस्त टर्नटेबलमध्ये अनेकदा फोनोचा भाग आतच दिलेला असतो, मागे ‘फोनो’ आणि ‘लाइन’ असा छोटा खटका असतो. खटका लाइनवर (म्हणजे आतला फोनोचा भाग चालू) आणि वायर रिसीव्हरच्या फोनोत, असे झाले की दोनदा संस्कार होतात, आवाज फाटतो आणि खर्ज नुसता घुमत राहतो. माझ्या एका मैत्रिणीकडे महिनाभर हेच चालू होते. (आणि ७८ च्या जुन्या लाखेच्या तबकड्या एलपीच्या सुईने वाजवू नका. त्यांची खाच रुंद असते, त्यांना जाड टोकाची वेगळी सुई लागते.)

माझ्या पैशांत बसणारे दोन रिसीव्हर शेवटी समोरासमोर उरले. वर सांगितलेला यामाहाचा आर-एस २०२ आणि सोनीचा एसटीआर-डीएच १९०. दोन्हींत एफएम, दोन्हींत ब्लूटूथ, दोन्हींना स्पीकरच्या दोन जोड्यांची सोय. शक्तीचा फरक माझ्या खोलीत कळण्यासारखा नव्हता. सोनीला फोनो इनपुट होते, यामाहाला नव्हते. यामाहा घेतला असता तर फोनोचा वेगळा डबा, त्याचा अ‍ॅडॉप्टर आणि आणखी एक वायर आली असती. ११२ एलपींच्या घरात निर्णय तिथेच झाला. ज्यांच्याकडे रेकॉर्ड नाहीत त्यांना हा मुद्दाच लागू नाही, त्यांनी दोन्ही ऐकून ठरवावे. मॉडेले येतात-जातात, तुम्ही जाल तेव्हा दुसरीच असतील. प्रश्न मात्र हेच विचारा.

टीव्हीचे थोडक्यात. आजच्या बऱ्याच टीव्हींमधून आवाज फक्त ऑप्टिकल किंवा एचडीएमआयमधून, म्हणजे डिजिटल रूपात, बाहेर पडतो आणि या दोन्ही रिसीव्हरना डिजिटल इनपुट नाही. टीव्हीला हेडफोनचे छिद्र असेल तर तिथून काम भागते. नसेल तर डिजिटलचे अ‍ॅनालॉग करणारी छोटी डबी मिळते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज ‘पीसीएम’ या साध्या डिजिटल प्रकारावर ठेवावा, नाहीतर साध्या डबीतून काहीच ऐकू येत नाही. ब्लूटूथबद्दल तक्रार नाही, नातवंडे आली की तेच चालते.

स्पीकर. ४५ हजारांपैकी मी जास्त वाटा मुद्दाम स्पीकरना दिला, कारण एका बऱ्या रिसीव्हरहून दुसऱ्या बऱ्या रिसीव्हरच्या आवाजात फरक थोडा, पण एका स्पीकरहून दुसऱ्यात जमीन-अस्मानाचा. ८ ओहमचे, शेल्फवर मावणारे निवडले. दोन जोड्या एकत्र लावायचा मोह असेल तर लक्षात घ्या, ८ ओहमच्या दोन जोड्या समांतर जोडल्या की रिसीव्हरला ४ ओहमच दिसतात आणि स्वस्त रिसीव्हर तापू लागतो. मागे स्पीकरच्या जागी किमान किती ओहम चालतील ते छापलेले असते.

वायरचा किस्सा घरातलाच आहे. यजमानांना माझ्या नोकरीच्या काळातली टेलिफोनची वायर माळ्यावर सापडली. “तांब्याचीच तर आहे,” ते म्हणाले. पण ती अर्ध्या मिलिमीटरची तार. तिचा लूप रोध किलोमीटरला सुमारे १७५ ओहम, हा आकडा मी झोपेतही सांगेन. पाच मीटर टाकली तर ०.८८ ओहम, म्हणजे आठ ओहमच्या स्पीकरपुढे एक दशांशाहून अधिक आडवा आला. तीच पाच मीटर दीड चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या दुहेरी वायरने टाकली तर ०.१२ ओहमच्या आत. मेन रोडवर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी ही वायर पुरेशी आहे. हजारो रुपयांची खास वायर विकायचा प्रयत्न झाला तर हे गणित कागदावर करून दाखवा.

जोडताना लाल ते लाल, काळे ते काळे. एका बाजूला उलटे झाले तर काही जळत नाही, पण खर्ज नाहीसा होतो आणि गाणारा माणूस खोलीत कुठेच उभा राहत नाही. हे तपासायला मामंजींनीच रेकॉर्ड सुचवली. दत्तात्रेय विष्णू पलुस्कर, १९२१ साली आपल्या नाशिकलाच जन्मलेले. ते १९५५ मध्ये गेले, आणि स्टिरिओ एलपी बाजारात यायला त्यानंतर दोन-तीन वर्षे लागली. म्हणून त्यांचे गाणे मोनोच, म्हणजे एकाच चॅनलचे. दोन्ही स्पीकरमधून तंतोतंत तेच निघते, आणि जोडणी बरोबर असेल तर आवाज कोणत्याच स्पीकरमधून येत नाही, दोघांच्या बरोबर मधून येतो, जिथे काहीही ठेवलेले नाही. आमच्याकडे तो पहिल्यांदा मधून आला तेव्हा मामंजी बोट दाखवत म्हणाले, “तिथे बसलेत बघ.” मी स्पीकर सहा-सात फुटांवर, मामंजींच्या आरामखुर्चीपासूनही तितक्याच अंतरावर, कानाच्या उंचीला आणि भिंतीपासून हातभर पुढे ठेवले होते. फरशीचा घणघणाट होता, तो सतरंजी अंथरल्यावर आणि खिडकीला जाड पडदा लावल्यावर गेला. या दोन गोष्टींनी जेवढे सुधारले तेवढे आणखी दहा हजार घालूनही सुधारले नसते.

रिसीव्हर बंद शोकेसमध्ये कोंबू नका. त्याला वरून श्वास घ्यायला वीतभर जागा लागते. सासूबाईंनी विणलेला क्रोशाचा रुमाल आमच्या जुन्या रेडिओवर असायचा. तो मी आता रेकॉर्डच्या कपाटावर घातला आहे.

एफएमसाठी खोक्यात एक बारीक तार मिळते, तिच्यावर आमच्याकडे स्टिरिओत सूं-सूं यायची. स्टिरिओला मोनोपेक्षा सिग्नल बराच जोरकस लागतो. १०१.४ ची लहर सुमारे २.९६ मीटर लांब, तिची अर्धी १.४८. जुन्या टीव्ही अँटेनाची चपटी ३०० ओहमची वायर तेवढ्याच, किंचित कमी लांबीची कापून तिची टी आकाराची अँटेना केली, टीव्हीच्या मागे लागायचा तो ३०० चे ७५ करणारा छोटा जोड लावला आणि खिडकीच्या चौकटीवर खिळ्यांनी ताणून बसवली. खर्च शंभर रुपयांच्या आत. सूं-सूं गेली. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की अँटेना आणि प्लग दोन्ही काढून ठेवते, एवढी टेलिफोनची सवय राहिली आहे.

नाशिकच्या दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे. टीव्हीच्या भिंती उभ्या करता तशी एका कोपऱ्यात दोन स्पीकर आणि एक स्टिरिओ रिसीव्हर जोडून ठेवा, समोर एक खुर्ची ठेवा. खर्ज आणि वरचे सूर फुगवणारे लाउडनेसचे बटण बंद ठेवून, हळू आवाजात, गिऱ्हाइकाच्या आवडीचे गाणे पाच मिनिटे ऐकू द्या. मी ज्या चार दुकानांत गेले त्यांपैकी एकाच ठिकाणी असे बसायला मिळाले, आणि खरेदी मी तिथेच केली. शेजारच्या दोघींनाही मी तिथेच पाठवले.

आणि आपल्याला एक विनंती. पुढच्या पुरवणीत ही चौकट पुन्हा येईल तेव्हा वॉटच्या एका रकान्याऐवजी कृपया हे छापा : वॉट किती ओहमला आणि किती डिस्टॉर्शनला, फोनो इनपुट आहे की नाही, एफएम ट्यूनर आहे की नाही, डिजिटल इनपुट आहे की नाही, किमान किती ओहमचे स्पीकर चालतील. पाच रकाने होतील, जागा थोडी जास्त लागेल. जागा कमी पडली तर यंत्रांचे रंगीत फोटो लहान करा. फोटोत तोंडच असते.

आपली नम्र,
एक निवृत्त टेलिफोन कर्मचारी,
इंदिरानगर, नाशिक